खेळाची शिफारस

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठांत दर वर्षीं दोन मोठे शेतकरी मेळावे भरतात. पहिला १८ मे रोजीं, म्हणजे १९७२ सालीं ज्या दिवशीं विद्यापीठाची स्थापना झाली त्या दिवशीं, खरिपाच्या तोंडावर. आणि दुसरा १७ सप्टेंबर रोजीं, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीं, रब्बीच्या तोंडावर. या मेळाव्यांत बियाण्याच्या पिशवीसाठीं रांगा लागतात. पालमचा किंवा सोनपेठचा शेतकरी येथवर येऊन ती पिशवी घेतो तो पिशवीवरील चित्र पाहून घेत नाहीं. त्या वाणाच्या पाठीशीं एक शब्द उभा असतो, आणि तो म्हणजे ‘शिफारस’. नवा वाण अनेक ठिकाणीं व अनेक हंगाम पेरून पाहिल्यावांचून, जुन्या वाणाच्या शेजारीं उभा करून त्याची तुलना केल्यावांचून, त्याची शिफारस होत नाहीं. आणि झाली म्हणजे ती मोघम नसते. कोणत्या जमिनीस, कोणत्या हंगामास, कोरडवाहूस कीं बागायतीस, हें सारें तींत स्पष्ट सांगितलेलें असतें. ‘परभणी मोती’ ही ज्वारी रब्बीची. ती मृगांत पेरा असें कोणीही जाणता माणूस सांगणार नाहीं.

शिफारशीची ही शिस्त जेथें अद्याप नीटशी रुजलेली नाहीं, आणि तिच्या अभावीं जेथें पुष्कळ चांगलें काम मातीमोल होतें, अशा एका नव्या धंद्याचा विचार येथें करावयाचा आहे. हा धंदा म्हणजे लहान, स्वतंत्र व्हिडिओ गेम रचण्याचा व विकण्याचा. आणि त्यांतही कन्सोल नांवाच्या यंत्रावर खेळावयाच्या खेळांचा. विषय दूरचा वाटला तरी घरगुती आहे. मुलें एखाद्या खेळासाठीं पैसे मागतात आणि त्या वस्तूचें मोल कसें ठरवावें हें वडील माणसांस उमगत नाहीं, अशीं घरें आतां परभणी, सेलू, जिंतूर यांसारख्या गांवींही कमी राहिलेलीं नाहींत.

कन्सोल म्हणजे केवळ खेळाकरितां बनविलेला संगणक होय. सोनीचें प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचें स्विच हीं त्यांतील तीन प्रमुख यंत्रें. पहिलीं दोन दूरचित्रवाणीच्या संचास जोडावीं लागतात. तिसरें संचासही जोडतां येतें आणि हातांत धरूनही खेळतां येतें. या यंत्रांवरील मोठे खेळ शेंकडों माणसें कित्येक वर्षें राबून तयार करितात आणि त्यांवर भल्या मोठ्या चित्रपटाइतका खर्च होतो. स्वतंत्र खेळाची गोष्ट याच्या उलट असते. तेथें पाठीशीं मोठी कंपनी नसते. दोन, चार, दहा माणसें, क्वचित् एकच माणूस, चित्रें, संगीत, कथा आणि यंत्राला द्यावयाच्या आज्ञा हें सर्व पाहतो. अमेरिकेंतील एरिक बॅरोन यानें ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें बसून रचला. आजोबांची पडीक शेती हातीं घेऊन ती पुन्हां उभी करावयाची, हा त्याचा विषय. २०१६ सालीं तो निघाला आणि जगभर खपला. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथील ‘टीम चेरी’ या मूठभर मंडळींच्या ‘हॉलो नाइट’ या खेळानें २०१७ नंतर असाच लौकिक मिळविला. हीं उदाहरणें खरीं आहेत. परंतु तीं ऐकूं येतात याचें कारणच तीं यशाचीं आहेत हें होय. ज्यांचें काम तितकेंच कसदार असूनही कोणाच्या कानीं पडलें नाहीं, त्यांचीं नांवें ऐकूं येण्याचा मार्गच नसतो.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर या धंद्याचा सर्वांत बोधप्रद दाखला पुण्याचा आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनीं ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही लहानशी संस्था पुण्यांत उभारून ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ हातीं घेतला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी एक मुलगी. महाबलासुराचे असुर तिच्या गोलू या धाकट्या भावास पळवून नेतात आणि त्याच्या शोधार्थ ती निघते. तिची ही कथा दुर्गा व विष्णु आपसांत बोलत बोलत सांगतात. त्यांतील महाल व गड राजस्थानी वास्तुकलेवरून घेतलेले आहेत, रंगांची ठेवण पहाडी लघुचित्रांची आहे, आणि कथेचे मधले दुवे छायाबाहुल्यांच्या रूपानें दाखविलेले आहेत. सिंधुदुर्गांतील पिंगुळी येथें चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं दिव्याच्या उजेडांत पाहिला असेल, त्यांस ती तऱ्हा परकी वाटणार नाहीं.

हें काम पैशावांचून व्हावयाचें नव्हतें. २०१७ सालीं या मंडळींनीं ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या मार्गानें पैसा उभा करण्याचा प्रयत्न केला. त्या मार्गाचा नियम असा कीं, आरंभीं जाहीर केलेली रक्कम ठरल्या मुदतींत पुरी जमली तरच ती कर्त्याच्या हातीं पडते. कमी जमल्यास एक छदामही मिळत नाहीं. ‘राजी’ ची रक्कम जमली नाहीं. पुष्कळ संस्था अशा वेळीं गाशा गुंडाळतात. या मंडळींनीं काम सोडलें नाहीं. तीन वर्षांनीं, १८ ऑगस्ट २०२० रोजीं, खेळ प्रसिद्ध झाला. प्रथम तो फक्त स्विच या यंत्रावर निघाला, आणि १५ ऑक्टोबर रोजीं प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व साधा संगणक यांवर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगप्रसिद्ध समारंभांत, स्वतंत्र कर्त्यांच्या पहिल्याच खेळाकरितां ठेवलेल्या पारितोषिकासाठीं जे पांच खेळ निवडले गेले, त्यांत ‘राजी’ होता. पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’ या खेळास मिळालें. तथापि पुण्याच्या एका लहान संस्थेनें जगाच्या पंक्तीस बसावें ही गोष्ट लहान नव्हती.

या हकीकतींत एक काटा आहे आणि तो नजरेआड करून चालणार नाहीं. ज्या स्विच यंत्रावर हा खेळ सुमारें दोन महिने केवळ मिळत होता, तें यंत्र निन्टेन्डो कंपनीनें त्या काळीं भारतांत अधिकृतपणें विकावयास आणलेलेंच नव्हतें. जें कांहीं येथें दिसे तें परदेशांतून येतांना कोणी आणलेलें किंवा व्यापाऱ्यांनीं परस्पर मागविलेलें. म्हणजे दुर्गेची व विष्णूची कथा पुण्यांत रचली गेली, परंतु ती प्रथम कॅलिफोर्नियांत, लंडनांत व टोकियोंत खेळली गेली. यांत कर्त्यांस बोल लावण्याचें कारण नाहीं. ज्या बाजारांत विकत घेणारा आहे तेथेंच माल न्यावा लागतो. प्रश्न इतकाच कीं, घरचा बाजार इतका रिकामा कां?

त्याचें एक कारण यंत्राची किंमत हें आहेच. मोबाइल घरोघर पोंचला, कन्सोल पोंचला नाहीं. आणि मोबाइलवरील बहुतेक खेळ फुकट मिळत असल्यामुळें खेळासाठीं आधीं पैसे मोजावे ही कल्पनाच अनेकांस चमत्कारिक वाटते. परंतु दुसरें कारण अधिक खोल आहे. कोणता खेळ पैसे देण्याजोगा आहे हें विश्वासानें सांगणारें माणूस जवळपास नसतें. हें समजण्यास खेळ कन्सोलपर्यंत कसा पोंचतो हें थोडक्यांत पाहणें जरूर आहे.

कन्सोलचें दार उघडें नसतें. खेळ रचणारास प्रथम यंत्राच्या कंपनीकडे नोंदणी करून परवाना मिळवावा लागतो. मग चांचणीचें खास यंत्र मिळतें. खेळ पुरा झाल्यावर कंपनी त्याची तपासणी करिते. तो मध्येंच बंद पडतो काय, हातांतील नियंत्रकाची जोड तुटली तर काय होतें, खेळणाराची साठविलेली प्रगति नाहींशी तर होत नाहीं, अशा गोष्टी बारकाईनें पाहिल्या जातात. त्यानंतर कोणत्या वयाच्या मुलास तो योग्य याचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. अमेरिकेंत तें काम ई.एस.आर.बी. ही संस्था व युरोपांत पेगी ही पद्धति करिते. इतकें झाल्यावर जो पैसा येतो त्यांतून दुकानाचा हिस्सा जातो. बरींच वर्षें रूढ असलेलें त्याचें प्रमाण शेंकडा ३० आहे. प्रकाशक असल्यास त्याचा वांटा निराळा, सरकारचा कर निराळा. उरलें त्यांत तीन वर्षांची मजुरी.

या कडक दाराचा एक इतिहास आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेंत निकृष्ट खेळांचा इतका पूर आला कीं, गिऱ्हाइकांचा विश्वासच उडाला आणि सारा धंदा कोसळला. दुकानदार तो माल मातीच्या भावानें विकूं लागले. पुढें १९८५ सालीं निन्टेन्डोनें आपलें यंत्र अमेरिकेंत नेलें तें दोन गोष्टी घेऊन: परवान्यावांचून कोणाचाही खेळ चालूं न देणारी एक चिप, आणि खेळाच्या पेटीवर छापलेली हमीची सोनेरी मोहोर. विश्वास परत आला. मात्र त्या मोहोरेचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. खेळ यंत्रावर धड चालेल, एवढेंच ती सांगे. तो कोणास आवडेल, कोणास कंटाळवाणा होईल, पैसे वसूल होतील कीं नाहीं, हें सांगणें मोहोरेचें काम नव्हे. बियाण्याची उगवणशक्ति तपासणें एक आणि तें कोणत्या रानांत पेरावें हें सांगणें दुसरें.

संगणकावरील दुकानांत तर हें दारही राहिलें नाहीं. ‘स्टीम’ या सर्वांत मोठ्या दुकानांत २०१७ पासून दर खेळामागें १०० डॉलर भरले कीं, कोणासही आपला माल मांडतां येतो. नवख्या कर्त्यास ही मोठीच सोय झाली. परंतु दर वर्षीं हजारों नवे खेळ एकाच फळीवर येऊन पडूं लागले. कन्सोलच्या दुकानांतही आतां गर्दी कांहीं कमी नाहीं. या गर्दींत कसदार खेळही कसा दबून जातो याचा दाखला ‘अमंग अस’ या खेळाचा आहे. अमेरिकेंतील ‘इनरस्लॉथ’ या अगदीं लहान संस्थेनें तो २०१८ सालीं काढला. दोन वर्षें त्याची फारशी कोणी वास्तपुस्त केली नाहीं. २०२० सालीं, साथीमुळें लोक घरांत कोंडलेले असतां, स्वतःचें खेळणें इंटरनेटवरून इतरांस दाखविणाऱ्या लोकप्रिय खेळाडूंनीं तो उचलला, आणि कांहीं आठवड्यांत तो जगभर घरोघर पोंचला. खेळाचें मर्म २०१८ सालीं जें होतें तेंच २०२० सालीं होतें. काळ अनुकूल झाला आणि ‘हा खेळून पाहा’ असें सांगणारें कोणी भेटलें, इतकाच फरक.

लहान खेळाचें जीवन अशा रीतीनें शिफारशीवर अवलंबून असतें. मोठी कंपनी जाहिरातीवर पैसा ओतूं शकते. लहान कर्त्यापाशीं खेळलेल्या माणसाच्या तोंडच्या शब्दावांचून दुसरें भांडवल नसतें. म्हणूनच त्या शब्दांतील भेसळ येथें अधिक घातक ठरते. ही भेसळ तीन प्रकारची असते. पहिली पैशाची. कर्ते आपल्या खेळाची प्रत समीक्षकांस विनामूल्य देतात. पुस्तकें अभिप्रायार्थ पाठविण्याच्या चालीसारखीच ही चाल आहे व तींत गैर कांहीं नाहीं. परंतु स्तुतीसाठीं मोबदला घेऊन तो सांगावयाचा नाहीं, हें मात्र सरळ लबाडीचें काम होय. दुसरी भेसळ आंकड्याची. दहापैकीं आठ गुण असा आंकडा फेकला म्हणजे काम झालें असें पुष्कळांस वाटतें; पण आठ गुणांची ज्वारी कोणत्या जमिनीची, हें कोणी विचारीत नाहीं. तिसरी भेसळ अभिमानाची, आणि ती ओळखण्यास सर्वांत कठीण. ‘आपल्या मुलांनीं केलेला आहे, म्हणून घ्या’ असें म्हटलें कीं, क्षणभर खरेदी होते. पण घेणारास तो रुचला नाहीं तर पुढच्या दहा आपल्या मुलांच्या खेळांवर त्याचा विश्वास बसत नाहीं. अभिमानाची एक खोटी शिफारस दहा खऱ्या खेळांचें बीं मारते.

मग खरी शिफारस कशी असावी? ‘राजी’ चाच दाखला घेऊन पाहतां येईल. त्याची चित्रकला व संगीत यांची समीक्षकांनीं मोकळेपणानें वाखाणणी केली. त्याच समीक्षकांपैकीं अनेकांनीं त्यांतील लढायांत सफाई कमी आहे आणि शेवट अचानक येतो, असेंही सांगितलें. खेळ पांच-सहा तासांत संपतो. तेव्हां प्रामाणिक माणूस असें सांगेल: ज्यास पौराणिक कथेची, शिल्पाची व रंगांची आवड आहे, ज्यास एका रविवारांत संपणारी गोष्ट हवी आहे, त्यानें हा अवश्य घ्यावा, ज्यास महिनोन् महिने पुरणारा किंवा लढाईच्या डावपेंचांत मुरलेला खेळ हवा आहे, त्यानें दुसरा पाहावा. या सांगण्यांत कर्त्यांचा अपमान नाहीं. उलट चुकीच्या रानांत पडून करपण्यापासून त्यांच्या कामास तें वांचवितें. ज्याच्यासाठीं खेळ नाहीं त्यानें तो न घेणें, हें विकणाराच्याही हिताचें असतें.

शिफारशीस मुदतही असते, आणि हेंही परभणीकरांस सांगावयास नको. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी येथल्याच विद्यापीठानें दिली. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगास ती तोंड देत असे म्हणून तिचा मोठा लौकिक झाला. पुढें अनेक ठिकाणीं तिची ती शक्ति टिकली नाहीं आणि नव्या वाणांचा शोध घ्यावा लागला. खेळाचें कधीं याच्या उलट होतें. आरंभीं दोष असलेला खेळ कर्ते पुढें दुरुस्त करितात, आणि जुनी निंदा मात्र मागें राहते. ‘राजी’ ची सुधारलेली आवृत्ति पुढें निघाली व तींत हिंदी संवादांची भर पडली. म्हणून शिफारस ऐकतांना ती कोणत्या सालची व कोणत्या यंत्रावरील, हें विचारणें शहाणपणाचें.

घरांतील वडील माणसांस यांतून चार प्रश्न हातीं घेतां येतील. सांगणारानें खेळ स्वतः शेवटपर्यंत खेळला आहे काय? त्याबद्दल त्याला कांहीं मिळालें आहे काय? हा खेळ कोणासाठीं नाहीं, हें तो सांगतो काय? आणि वयाच्या प्रमाणपत्रावर काय लिहिलें आहे? या चारांचीं उत्तरें मुलांनींच शोधून आणावीं असें ठरविलें तर खरेदीबरोबर परीक्षणाचाही संस्कार होतो. नमुना खेळावयास मिळत असेल तर आधीं तो पाहावा. स्टीमवर घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आंत आणि २ तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागतां येतात; कन्सोलच्या दुकानांचे नियम याहून निराळे असल्यामुळें ते घेण्यापूर्वींच वाचावे.

राहिला प्रश्न रचणारांचा. परभणी जिल्ह्यांतील एखाद्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या मनांत असा खेळ रचण्याचें आलें, तर आरंभास लागणारें साहित्य आतां दुर्मिळ नाहीं. ‘गोडो’ हें खेळ रचण्याचें साधन २०१४ पासून सर्वांस विनामूल्य व खुलें आहे. २०२३ सालच्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरें व काना-मात्रा नीट दाखविण्याची सोय त्यांत झाल्यामुळें मराठींत खेळ लिहिणेंही सुकर झालें आहे. ‘इच’ नांवाच्या दुकानांत, विक्रींतील किती हिस्सा दुकानास द्यावयाचा हें रचणारानेंच ठरवावयाचें असतें. कन्सोलचा परवाना पुढची पायरी आहे. पण तेंही दार किलकिलें होत आहे. सोनी कंपनीनें २०२३ सालीं भारतांतील लहान कर्त्यांसाठीं ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ हा उपक्रम सुरू केला. त्यांत निवडलेल्या खेळांत मुंबईच्या ‘अंडरडॉग्ज’ या संस्थेचा ‘मुक्ति’ आहे. माणसांच्या चोरट्या व्यापारासारखा गंभीर विषय त्यानें घेतला आहे.

साधनें आलीं, दारें उघडूं लागलीं. आतां उणीव आहे ती जाणत्या गिऱ्हाइकाची. गंगाखेडच्या जनाबाईच्या ओव्या जात्यावर म्हणणाऱ्या बायकांनीं एकमेकींस सांगून पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवल्या. त्यामागें जाहिरात नव्हती. चांगली वस्तु एकानें दुसऱ्यास नीट पारखून सांगावी हा गुण या मातीस नवा नाहीं. तो गुण या नव्या वस्तूकडे वळला, तर पुढचा ‘राजी’ घरच्या माणसांच्या हातीं प्रथम पडेल, आणि त्याचें खरें गुणदोषविवेचन त्याच्या कर्त्यांस आपल्याच भाषेंत ऐकावयास मिळेल.